जमिनीखालचा ताळेबंद

मुंबईच्या मलबार हिलवरील फिरोजशहा मेहता उद्यानात, म्हणजेच सर्वपरिचित हँगिंग गार्डनमध्ये, देशाच्या कानाकोपऱ्यांतून पर्यटक येतात. हिरवळीवर घटकाभर विसावतात, झुडपांना कातरून दिलेले प्राण्यांचे आकार न्याहाळतात, समोरच्या कमला नेहरू उद्यानातील म्हातारीच्या बुटात मुलांना चढवतात आणि परततात. ज्या हिरवळीवर आपण बसलो ती एका विस्तीर्ण जलाशयाचे छप्पर आहे, याची बहुतेकांना कल्पनाही नसते. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात बांधलेला हा जलाशय आजही दक्षिण मुंबईच्या मोठ्या भागाची तहान भागवतो. त्याच्यावर फुले फुलतात, म्हणून तो दिसत नाही. आणि दिसत नाही म्हणून त्याची चर्चा होत नाही.

ती चर्चा २०२३ मध्ये अचानक झाली. हा जलाशय जुना झाला असून तो पाडून नव्याने बांधावा, असा सुमारे सातशे कोटी रुपयांचा प्रस्ताव महापालिकेने पुढे आणला. त्यासाठी ३८९ झाडे बाधित होणार होती. परिसरातील नागरिक संघटितपणे विरोधात उभे राहिले, तज्ज्ञांची समिती नेमण्यात आली आणि तीत मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापकांचाही समावेश झाला. जलाशयाचे कप्पे रिकामे करून, आत उतरून पाहणी करण्यात आली. समितीतील सदस्यांचे पूर्ण एकमत झाले नाही. तथापि संपूर्ण पाडकामाची आवश्यकता नाही, असा सूर त्यातील बहुसंख्यांनी लावला. अखेर पुनर्बांधणीचा बेत मागे पडला आणि दुरुस्तीचा मार्ग पत्करण्यात आला.

या वादात कोणाची सरशी झाली, हा मुद्दा तूर्त बाजूला ठेवता येईल. विचार करायला लावणारी गोष्ट वेगळीच आहे. एकाच वास्तूविषयी एक जबाबदार पक्ष ‘ती पाडा’ म्हणतो आणि दुसरा तितकाच जबाबदार पक्ष ‘ती अजून धडधाकट आहे’ म्हणतो, तेव्हा तिच्या प्रकृतीची सर्वमान्य अशी नोंद हाताशी नव्हती, एवढे तरी सिद्ध होते. सातशे कोटींची शस्त्रक्रिया हवी की मलमपट्टी पुरे, हे ठरवण्यासाठी ऐनवेळी दिवे घेऊन टाकीत उतरावे लागले. भारतातील बहुसंख्य महानगरांच्या जलवाहिन्या, मलनिःसारण, पर्जन्यजलवाहिन्या आणि पूल यांची अवस्था या एका उदाहरणात सामावलेली आहे.

ही नगरे एका मोठ्या वारशावर उभी आहेत. मुंबईला विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये मिळाले, तुळशीचे १८७९ मध्ये आणि तानसाचे १८९२ मध्ये. कोलकात्याला हुगळीचे पाणी शुद्ध करून पुरवणारे पलता येथील केंद्र दीडशे वर्षांहून अधिक काळ कार्यरत आहे. १९०८ च्या मुसी नदीच्या प्रलयानंतर हैदराबादने उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव उभारले. स्वातंत्र्यानंतरही या परंपरेत खंड पडला नाही. वैतरणेवरील धरणाला ज्यांचे नाव देण्यात आले ते ना. वि. मोडक हे मुंबईचे अभियंता होते, आणि ‘मोडकसागर’ हे नाव पावसाळ्यात वृत्तपत्रांतील तलावसाठ्याच्या तक्त्यात आजही रोज छापून येते. धरणे वाढत गेली, पाणी वाढत गेले. परंतु गल्लीतल्या नळापर्यंत ते पोहोचवणाऱ्या वाहिन्यांकडे तितक्या आस्थेने पाहिले गेले, असे म्हणता येणार नाही.

बँकेच्या व्यवहाराशी ज्यांचा परिचय आहे, त्यांना घसारा हा शब्द नवा नाही. कारखानदार यंत्र विकत घेतो, तेव्हा त्याची किंमत एकाच वर्षी खर्ची पडत नाही. यंत्राच्या आयुष्यभरात ती थोडी थोडी खर्चात पडते, आणि यंत्र मोडीत निघण्याच्या सुमारास नवे घेण्याइतकी तरतूद साचलेली असावी, अशी अपेक्षा असते. कर्ज मागायला आलेल्या उद्योजकाच्या ताळेबंदात घसारा दाखवलेला नसेल, तर शाखेतला नवखा अधिकारीही त्याचा नफा खरा मानणार नाही. नगरपालिकांचे हिशेब मात्र कित्येक दशके रोकड पद्धतीने लिहिले गेले. जलवाहिनी टाकली, त्या वर्षी खर्च पडला, आणि दुसऱ्या वर्षापासून ती वाहिनी हिशेबाच्या वहीतून नाहीशी झाली. जमिनीखाली ती होती, वहीत नव्हती. जी वस्तू वहीतच नाही, तिचा घसारा कोण काढणार?

ही उणीव कोणाच्या लक्षात आली नव्हती असे नाही. २००४ मध्ये राष्ट्रीय नगरपालिका लेखासंहिता तयार झाली. डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानात केंद्राचा निधी देताना द्विनोंदी, उपार्जनाधारित हिशेब ठेवण्याची अट घालण्यात आली. पाणी व मलनिःसारणाच्या देखभालीचा खर्च वापरकर्त्यांच्या आकारणीतून निघावा, अशीही अट होती. हिशेबाची पद्धत त्यानंतर पुष्कळ ठिकाणी बदलली, हे मान्य केले पाहिजे. परंतु जुन्या मालमत्तेची मूळ किंमत सापडत नसेल तर ती एक रुपया या नाममात्र मूल्याने दाखवण्याची सोय हिशेबशास्त्रात असते. शतकापूर्वीची वाहिनी रुपयाला दाखवली, की तिचा घसाराही शून्य आणि तिच्या जागी नवी टाकण्याची तरतूदही शून्य. हिशेब बिनचूक राहतो आणि नळाला गढूळ पाणी येते.

येथे एका समजुतीची दखल घेणे इष्ट ठरेल. नागरी सुविधांची चर्चा निघाली, की ‘ब्रिटिशकालीन’ हे विशेषण सहजगत्या वापरले जाते, जणू वय हाच अपराध. वस्तुस्थिती अशी नाही. कोलकात्याच्या ताला येथील पोलादी जलकुंभाची पायाभरणी १९०९ मध्ये झाली आणि तो १९११ पासून वापरात आहे. जमिनीपासून सुमारे ११० फूट उंचीवर नव्वद लाख गॅलन पाणी तो पेलून धरतो. त्याच्या रचनाकारांनी त्याचे चार कप्पे पाडले, ते अशासाठी की एक कप्पा रिकामा करून साफसफाई व दुरुस्ती चालू असताना उरलेल्या तिघांतून शहराला पाणी जात राहावे. अलीकडे त्याचे मोठे नूतनीकरण झाले तेव्हाही हीच युक्ती उपयोगी पडली. बांधकामाचा आराखडा काढतानाच शंभर वर्षांनंतरच्या दुरुस्तीचा विचार झाला होता, असा याचा अर्थ होतो.

याच्या उलट, अंधेरीचा गोखले पूल १९७५ चा. ३ जुलै २०१८ रोजी त्याचा पादचारी भाग रेल्वेमार्गावर कोसळला. गुजरातेत महीसागर नदीवरील गंभीरा पूल १९८५ चा; ९ जुलै २०२५ रोजी तो खचला आणि सुमारे वीस जण प्राणास मुकले. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पादचारी पूल तर पस्तिशीतला होता. १४ मार्च २०१९ च्या सायंकाळी कामावरून घरी निघालेले सात जण त्याच्याबरोबर गेले. त्याआधी झालेल्या संरचनात्मक तपासणीत या पुलाला केवळ किरकोळ दुरुस्तीची गरज असल्याचे नमूद करण्यात आले होते. दुर्घटनेनंतर ती तपासणी करणाऱ्या लेखापरीक्षकालाच अटक झाली. कागद उत्तम होता, पूल नव्हता. बँकांच्या परिभाषेत सांगायचे तर खाते प्रमाणित दाखवले होते आणि ऋणको केव्हाच दिवाळखोर झाला होता.

महाडजवळच्या सावित्री नदीवरील पुलाची आठवण महाराष्ट्रात अद्याप ताजी आहे. १९२८ चा तो दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महापुरात वाहून गेला आणि त्याच्याबरोबर राज्य परिवहन महामंडळाच्या दोन गाड्या व अन्य वाहने काळोखात नाहीशी झाली. पहाटेपर्यंत नातेवाईक नदीकाठी उभे होते. शोधकार्य पुढे कित्येक दिवस चालले. त्याच जागी नवा पूल मात्र सहा महिन्यांच्या आत बांधून पूर्ण झाला आणि ५ जून २०१७ रोजी वाहतुकीस खुला झाला. या वेगाचे कौतुक झाले, ते योग्यच होते. परंतु पैसा, यंत्रसामग्री, कौशल्य यांपैकी कशाचीही वानवा नव्हती, हेही त्या वेगाने सिद्ध केले. जे सहा महिन्यांत करता येण्याजोगे होते, त्याची वेळ आली आहे हे ओळखणारी यंत्रणा तेवढी नव्हती.

पूल निदान डोळ्यांना दिसतो. जलवाहिनीचे दुखणे याहून गुंतागुंतीचे आहे, कारण तिचे आयुष्य केवळ काळाने झिजत नाही, तिला वापरण्याच्या पद्धतीनेही झिजते. भारतातील बहुतेक शहरांत पाणी दिवसातून काही तासच येते. मुंबईत हे काम महापालिकेचे चावीवाले करतात. लांब दांड्याची चावी घेऊन हा कर्मचारी रस्त्यातील झडपेशी वाकतो, ठरलेले आटे फिरवतो, एका विभागाचे पाणी सोडतो आणि दुसऱ्याचे बंद करतो. कोणती झडप किती फेऱ्यांत उघडते, कोणत्या गल्लीच्या टोकाला दाब पोहोचत नाही, हे ज्ञान पुष्कळदा नकाशापेक्षा त्याच्याच डोक्यात अधिक असते. तो निवृत्त झाला, की ते त्याच्याबरोबर घरी जाते.

पाणी सोडले की रिकाम्या नळात दाब एकदम वाढतो, बंद केले की तो नाहीसा होतो. रोजच्या या ओढाताणीने सांधे सैल होतात. पाणी सुरू असताना ते भेगांतून बाहेर गळते. दाब उतरला, की त्याच भेगांतून आजूबाजूचा ओलावा आत शिरतो. शेजारून गटार वाहत असेल, तर तो ओलावा कसला असतो, हे सांगण्याची आवश्यकता नाही. पावसाळ्याच्या आरंभी कावीळ आणि अतिसाराच्या साथी ज्या वस्त्यांतून उठतात, तेथे जलशुद्धीकरण केंद्रात बिघाड झालेला असेलच असे नाही. केंद्रातून पाणी निर्मळ निघते आणि शेवटच्या दोनशे पावलांत ते नासते. पाण्याची टंचाई म्हणून पुरवठा खंडित ठेवायचा, खंडित पुरवठ्याने नळ फुटायचे, फुटक्या नळांतून पाणी वाया जायचे आणि त्यामुळे पुन्हा टंचाई, असे हे चक्र आहे. मुंबईत रोज शहरात येणाऱ्या पाण्यापैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक पाणी गळतीत, चोरीत आणि बिनहिशेबी वापरात जाते, असे अंदाज वारंवार व्यक्त झाले आहेत. बँकेच्या तिजोरीतील रोकड रोज एवढ्या प्रमाणात नाहीशी झाली असती, तर काय गहजब झाला असता याची कल्पना करून पाहावी.

पर्जन्यजलवाहिन्यांची कथा त्याहून उद्बोधक आहे, कारण तेथे निदान झाले होते आणि औषधही लिहून दिले होते. मुंबईच्या जुन्या वाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या, आणि तोही समुद्राला ओहोटी असताना. ही क्षमता ताशी ५० मिलिमीटरपर्यंत वाढवावी, अशी शिफारस करणारा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल १९९३ मध्ये महापालिकेच्या हाती आला. त्यातील बरीचशी कामे कपाटात राहिली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. एवढ्या पावसापुढे ५० मिलिमीटरच्या वाहिन्याही अपुऱ्या पडल्या असत्या, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु पाणी किती तास साचून राहिले असते आणि किती जणांचा जीव वाचला असता, हा प्रश्न त्यामुळे निकालात निघत नाही. ज्येष्ठ जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली, केंद्राने बाराशे कोटी रुपये मंजूर केले, हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर अशी उदंचन केंद्रे पुढील काळात उभी राहिली. कामाचा खर्च मूळ अंदाजाच्या कित्येक पटींनी वाढला. बारा वर्षांच्या विलंबाला व्याज असते आणि ते चक्रवाढ दराने आकारले जाते.

या ठिकाणी बँकिंग क्षेत्राच्याच एका अनुभवाकडे वळणे उपयुक्त ठरेल. १९९१ च्या नरसिंहम् समितीपूर्वी थकलेल्या कर्जावरील न आलेले व्याजही उत्पन्नात धरले जात असे आणि ताळेबंद टवटवीत दिसत. रिझर्व्ह बँकेने १९९२-९३ पासून उत्पन्नमान्यता, मत्तावर्गीकरण आणि तरतुदींचे निकष लागू केले. कर्जे प्रमाणित, दुय्यम, संशयित आणि बुडीत अशा चार वर्गांत विभागून प्रत्येकासाठी ठरावीक तरतूद करणे बंधनकारक झाले. परिणामी सार्वजनिक क्षेत्रातील बँकांना त्या वर्षी एकत्रितपणे तोटा सोसावा लागला. शाखाशाखांतून तेव्हा झालेली कुरकुर जुन्या कर्मचाऱ्यांना आठवत असेल. तथापि दुखणे मान्य केल्यामुळेच उपचार सुरू होऊ शकले. पुढे हे निकष चुकवण्याच्या पळवाटाही निघाल्या, हे खरे; तरी थकीत कर्ज थकीतच म्हटले पाहिजे, हे तत्त्व त्यानंतर कोणी नाकारलेले नाही.

शहरांच्या मालमत्तेसाठी असे वर्गीकरण का असू नये? प्रत्येक जलवाहिनी, प्रत्येक पूल, प्रत्येक उदंचन केंद्र यांचा वर्ग दरवर्षी ठरावा, तो ठरवणारी यंत्रणा महापालिकेच्या अभियंत्यांहून वेगळी असावी, आणि ‘संशयित’ वर्गात गेलेल्या मालमत्तेसाठी अर्थसंकल्पात तरतूद केल्याखेरीज नव्या प्रकल्पाला हात लावता येऊ नये. यात हिमालय पुलासारखी खोटी प्रमाणपत्रे निघण्याचा धोका राहणारच. म्हणूनच वर्ग जाहीर झाला पाहिजे. पुलाच्या तोंडाशी त्याची भारक्षमता जशी लिहिलेली असते, तसा त्याचा वर्ग आणि शेवटच्या तपासणीचा दिनांकही लिहिलेला असावा. जाणाऱ्या-येणाऱ्याला तो वाचता आला, की तपासणीस सही करताना क्षणभर तरी थबकेल. राजकीय अडचण येथेच आहे. नव्या पुलाला कोनशिला असते, फीत असते, छायाचित्र असते. अमुक गल्लीतील गळती थांबवली म्हणून कोनशिला बसवल्याचे अद्याप ऐकिवात नाही.

पैशाचा प्रश्न अर्थातच उपस्थित होईल. तो खरा आहे, पण जसा सांगितला जातो तसा नाही. मुंबई महापालिकेच्या मुदत ठेवी २०२२ मध्ये नव्वद हजार कोटी रुपयांच्या पुढे गेल्या होत्या. त्यातील काही रक्कम कर्मचाऱ्यांच्या निधीची आणि ठेकेदारांच्या अनामतीची होती, हे लक्षात घेतले तरी देशातील सर्वांत श्रीमंत महापालिका पैशाअभावी नळ बदलू शकत नाही, हे म्हणणे पटणारे नाही. त्याच वर्षाच्या आरंभी मुंबईतील पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ करण्यात आला. मध्यमवर्गाने त्याचे स्वागत केले. त्याआधीच, जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू होताना, मुंबईचे जकात हे स्वतःचे मोठे उत्पन्न नाहीसे झाले होते आणि त्याच्या भरपाईसाठी महापालिकेला राज्य शासनाकडे पाहावे लागते. उरला मालमत्ता कर आणि पाणीपट्टी. त्यांना हात लावण्याची हिंमत निवडणुकीच्या तोंडावर कोणी करीत नाही, आणि निवडणूक तर सदैव तोंडावरच असते. मुंबईत घरगुती पाण्याचा दर हजार लिटरला सात रुपयांच्या आसपास आहे. रेल्वे स्थानकावर विकत घेतलेल्या एका बाटलीच्या किमतीत घरी पाण्याची मोठी टाकी भरते. कोलकात्यात तर सर्वसामान्य घरांना पाणीपट्टीच नाही.

पाणी स्वस्त असावे, हा आग्रह गरिबांच्या नावाने धरला जातो. गरिबांचा अनुभव वेगळा आहे. ज्या वस्तीत अधिकृत नळ पोहोचत नाही, तेथील कुटुंब टँकरचे किंवा पिंपाने विकले जाणारे पाणी घेते आणि त्यासाठी इमारतीतील रहिवाशाच्या कितीतरी पट दाम मोजते. स्वस्त पाण्याचा लाभ ज्याला नळ आहे त्यालाच होतो. पहिल्या गरजेपुरते पाणी अल्प दराने आणि त्यापुढील वापरास चढता दर, ही आकारणी न्याय्य आहे. तिच्यातून आलेली रक्कम मात्र अन्य कोणत्याही कामासाठी वळवता येणार नाही अशा स्वतंत्र निधीत गेली पाहिजे, अन्यथा दरवाढीला नागरिकांनी संमती का द्यावी, हे त्यांना कोणीही पटवू शकणार नाही.

कर्जरोख्यांचा मार्गही उपलब्ध आहे. अहमदाबादने १९९८ मध्ये शासनाच्या हमीविना शंभर कोटी रुपये उभारून दाखवले. पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी ७.५९ टक्के दराने दोनशे कोटींचे रोखे विकले आणि मुंबई शेअर बाजारात त्यांची नोंदणी झाली. गुंतवणूकदारांचा प्रतिसाद उत्तम होता. परंतु निविदा रद्द होऊन नव्याने काढाव्या लागल्या, काम लांबले आणि व्याजाचे मीटर मात्र पहिल्या दिवसापासून फिरू लागले. योजना ठरलेल्या मुदतीत पूर्ण झाली नाही. पैसा उभा करणे हे या व्यवहारातील सर्वांत सोपे काम आहे, हे बँकेच्या कर्ज विभागात काम केलेल्या कोणालाही ठाऊक असते.

आणखी एका खर्चाची नोंद कोणत्याच ताळेबंदात होत नाही. तानसा जलवाहिन्यांच्या दोन्ही बाजूंना वर्षानुवर्षे झोपड्या उभ्या राहिल्या होत्या. वाहिन्यांच्या सुरक्षिततेसाठी दोन्हीकडची जागा मोकळी करण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने दिला, आणि वाहिनीच्या दृष्टीने तो आवश्यकच होता. तेथून हलवलेल्या हजारो कुटुंबांना २०१७ पासून माहुल येथे घरे देण्यात आली. सभोवती तेलशुद्धीकरण व रासायनिक कारखाने असलेल्या त्या वसाहतीत श्वसनाचे विकार आणि त्वचारोग वाढल्याच्या तक्रारी घेऊन त्या कुटुंबांना पुन्हा न्यायालयाची पायरी चढावी लागली, आणि २०१९ मध्ये न्यायालयाने त्यांना अन्यत्र घर किंवा भाडे देण्यास सांगितले. शहराची वाहिनी सुरक्षित झाली. तिची किंमत कोणी चुकती केली, हे या उदाहरणात स्पष्ट दिसते.

मलवाहिन्यांची स्थिती तर याहून दारुण आहे. जुनी, अरुंद, गाळाने भरलेली वाहिनी तुंबली की आत माणूस उतरवला जातो. हाताने मैला साफ करण्यास मनाई करणारा कायदा २०१३ चा आहे, तरीही विषारी वायूने गुदमरून कामगार दगावल्याची बातमी येत राहते. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई तीस लाख रुपये केली. कोलकात्याने दीडशे वर्षांपूर्वीच्या आपल्या विटांच्या मलवाहिन्यांना आतून काचतंतूंच्या कठीण कवचाचे अस्तर लावण्याचे काम हाती घेतले, तेव्हा रस्ते उखडावे लागले नाहीत आणि जुन्या विटांना नवे आयुष्य मिळाले. वाहिनीची देखभाल यंत्राने होऊ शकते, तंत्रज्ञान उपलब्ध आहे. ते न वापरण्याची काटकसर एका विशिष्ट समाजघटकाच्या श्वासावर चालते.

एवढे सगळे पाहिल्यावर हे काम भारतीय परिस्थितीत होण्यासारखे नाही, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. सातारा जिल्ह्यात कराडला लागून मलकापूर नावाचे गाव आहे. वस्ती तीस-बत्तीस हजारांची. २००९ पासून तेथे नळाला चोवीस तास पाणी आहे. प्रत्येक जोडणीला मीटर बसवण्यात आला, जुन्या वाहिन्यांची डागडुजी करीत न बसता नव्या प्लॅस्टिकच्या वाहिन्यांचे जाळे टाकण्यात आले, आणि वापर वाढत जाईल तसा चढता दर लावण्यात आला. चोवीस तास पाणी दिले तर लोक उधळपट्टी करतील, ही भीती त्या वेळी व्यक्त झाली होती. घडले ते उलट. पाणी केव्हाही मिळेल याची खात्री झाल्यावर घरोघरी पिंपे आणि हंडे भरून ठेवण्याची, आणि ताजे पाणी आले की शिळे ओतून देण्याची रीत संपली. एकूण वापर घटला. तेथे चावी घेऊन झडपा उघडत फिरण्याचे काम उरलेले नाही. मीटरचे आकडे नोंदवले जातात आणि एखाद्या गल्लीत वापर विनाकारण वाढलेला दिसला, की गळती शोधायला तेथे माणूस जातो.